हिरवा दिवा लागला नाही म्हणून विमान पाण्यात उतरवायचं नसतं

13 मे 2024 ला ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विमानतळावर दोन इंजिनांचं एक बीचक्राफ्ट किंग एअर चाकांविना उतरलं. तीन तासांहून जास्त वेळ ते आकाशात घिरट्या घालत होतं. शेवटी पोटावर घसरत धावपट्टीवर थांबलं आणि आतले तिघेही सुखरूप बाहेर आले. असे व्हिडिओ फिरू लागले की त्यांच्यासोबत एक मजकूरही फिरतो. त्याचा मथितार्थ असा: छोट्या विमानाची चाकं अडकली की मरण ठरलेलं; वाचायचं असेल तर इंधन फेका, धावपट्टीवर फेस पसरवा, नाहीतर तळं किंवा शेत गाठा आणि इंजिन हवेतच बंद करा. यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही. काही तर जीवघेणे आहेत.

आधी एक साधी गोष्ट. शिकाऊ वैमानिक ज्यावर हात बसवतात त्या सेस्ना 172 च्या नेहमीच्या मॉडेलची किंवा गोंदियात उडणाऱ्या डायमंड डीए 40 ची चाकं आत जातच नाहीत, ती कायम बाहेर असतात. त्यामुळे "सेस्नाची चाकं उघडलीच नाहीत" असं वाचलं की आधी मॉडेल कोणतं ते बघा. 172 आरजी, पायपर ॲरो, बोनान्झा, डीए 42 यांची चाकं मिटतात. पुढचं सगळं त्यांच्याबद्दल.

"हिरवा दिवा लागला नाही म्हणजे चाक उघडलं नाही." हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून यावर जरा थांबतो. वैमानिकासमोर तीन चाकांचे तीन हिरवे दिवे असतात. चाकाचा पाय खाली येऊन कुलूपबंद झाला की त्याच्याजवळचा छोटा स्विच दाबला जातो आणि दिवा लागतो. त्या स्विचमध्ये चिखल बसला, तो किंचित सरकला किंवा बल्ब गेला, तर चाक नीट उघडूनही दिवा लागत नाही. ॲरोत आणखी एक भानगड आहे. पॅनेलचे दिवे चालू असले की गिअरचे (म्हणजे चाकांच्या यंत्रणेचे) हिरवे दिवे आपोआप मंद होतात. दुपारच्या उन्हात ते विझलेलेच वाटतात. म्हणून ॲरोच्या आणीबाणीच्या यादीत क्रम असा: मास्टर (विजेचा मुख्य) स्विच चालू आहे ना, सर्किट ब्रेकर उडालाय का, पॅनेलचे दिवे बंद करा, मग बल्ब तपासा. बल्ब काढून दुसऱ्या जागी लावून बघता येतो. शेजारचा पेटता बल्ब तिथं बसवला आणि तोही लागला नाही, तर मग खरा संशय घ्यायचा.

खरंच चाक आलं नसेल तर पुढची पायरी त्या विमानाच्या यंत्रणेवर ठरते, आणि मजकूर लिहिणाऱ्यांनी इथंच सगळ्यांना एका माळेत ओवलंय. ॲरोत चाकं वर धरून ठेवतो तो तेलाचा दाब. तो सोडून दिला की चाकं स्वतःच्या वजनानं आणि स्प्रिंगच्या जोरावर खाली येतात. त्यासाठी वेग 87 नॉटच्या खाली आणायचा, गिअरचा खटका खाली करायचा आणि आणीबाणीची दांडी दाबायची. वेग कमी का? पुढचं चाक उघडताना वाऱ्याच्या विरुद्ध पुढं येतं. वेग जास्त असला की हवा त्याला कुलपापर्यंत पोहोचू देत नाही. तरीही कुलूप लागलं नाही तर रडर पेडलनं (शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या पायाच्या खटक्यानं) विमानाचं नाक डावी-उजवीकडे झटक्यानं हलवायचं. 172 आरजीत पुढच्या दोन सीटांमध्ये हातपंप असतो, दांडी जड होईपर्यंत तो मारायचा. पण नळी फुटून तेलच वाहून गेलं असेल तर पंप मारून काही येत नाही. बोनान्झात पुढच्या सीटांमागे हँडल असतं, त्याचे सुमारे 50 फेरे. त्याआधी गिअरच्या मोटरचा ब्रेकर ओढायलाच हवा, नाहीतर मोटर मध्येच सुरू झाली तर हँडल गरागरा फिरून हात मोडेल.

विमानतळाच्या टॉवरजवळून कमी उंचीवर उडून "चाकं दिसतायत का" विचारणं चालतं, पण टॉवरला पाय लोंबताना दिसतो, कुलूप दिसत नाही.

"इंधन फेकून द्या." ॲरोसारख्या विमानात इंधन बाहेर टाकायची सोयच नसते. जाळता येतं, पण हिशेब बघा: ॲरोचं कमाल वजन साधारण 1,250 किलो. त्यातलं 100 किलो पेट्रोल जाळायला सुमारे साडेतीन तास लागतात आणि स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो) कमी होतो जेमतेम दोन-अडीच नॉटनं. पेट्रोलचा खरा उपयोग वेगळाच आहे: ते वेळ देतं. यादी शांतपणे वाचायला, जमिनीवरच्या मेकॅनिकशी बोलायला, अग्निशमन दल असलेल्या विमानतळापर्यंत जायला. टाकी रिकामी करून उतरायला आलात तर पहिला प्रयत्न चुकल्यावर पुन्हा वर जायला काही उरत नाही.

फेसाची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेनं, म्हणजे एफएएनं, 1966 मध्ये फेस पसरवायची शिफारस केली होती आणि 1987 मध्ये ती मागं घेतली. बंब तयार ठेवा, त्यातला फेस आग लागली तर लागेल.

"तळं किंवा शेत बघा." कृपा करून हे पुढं पाठवू नका. पाण्यात विमान बुडतं आणि पाण्याच्या दाबानं दार उघडत नाही. ॲरोला दार एकच, उजव्या बाजूला. मऊ शेतात नाक किंवा पंखाचं टोक रुतलं की विमान फिरतं, कधी उलटतं. गुळगुळीत पक्क्या धावपट्टीवर ते घसरत जातं, ठिणग्या उडतात, पण नुकसान सहसा कमी होतं आणि मदत जवळ असते. (पाण्यावर उतरणाऱ्या उभयचर विमानात मामला नेमका उलटा: तिथं पाण्यावर टेकताना चाकं बाहेर राहिली तर विमान उलटतं.) टेकण्याआधी पट्टे घट्ट करा आणि दाराच्या वरची व बाजूची अशा दोन्ही कड्या सोडून ठेवा, म्हणजे सांगाडा वाकला तरी दार अडकणार नाही.

"पंखा (प्रोपेलर) वाचवायला इंजिन हवेत बंद करा." नुसतं इंजिन बंद केल्यानं पंखा थांबत नाही, वारा त्याला फिरवत राहतो. तो थांबवायला वेग स्टॉलच्या जवळ आणावा लागतो. मग स्टार्टरनं टिचक्या मारत दोन पात्यांचा पंखा आडवा करायचा. हे सगळं जमिनीजवळ, आणि पुन्हा वर जायची वाट बंद करून. तीन पात्यांचा असेल तर निदान एक पातं घासणारच. पंखा आपटला की लायकमिंग कंपनीचं इंजिन उघडून क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दातेरी चाकाचा बोल्ट तपासणं बंधनकारक आहे, खर्च मोठा आहे, हे खरं. पण तो खर्च धातूचा आहे, जिवाचा नाही. धावपट्टी हातात आल्याची खात्री झाल्यावर, टेकण्याच्या अगदी आधी इंजिन, इंधन आणि मास्टर बंद करा, आपल्या विमानाच्या पुस्तकात दिलेल्या क्रमानं.

आणि "यंत्र दगा देतं, वैमानिक काय करणार"? ॲरोत थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी दांडी) मागं ओढल्यावर चाकं आत असतील तर भोंगा वाजतो, तरीही चाकं विसरून उतरलेली विमानं कमी नाहीत. यंत्राचा दगाही बऱ्याचदा आधी दिसतो. विमानाच्या पोटाखाली लाल तेलाचा ओघळ दिसला की ते चाकांच्या यंत्रणेतलं 5606 नावाचं हायड्रॉलिक तेल गळतंय. त्या तेलाच्या टाकीत गाडीचं ब्रेक ऑइल ओतू नका, आतली रबरी सीलं फुगतात. वार्षिक तपासणीत विमान जॅकवर उचलून, शेपटीला वजन बांधून चाकं आत-बाहेर करून बघतात. तेव्हा आणीबाणीची दांडीही एकदा दाबून बघायला सांगा, आणि शक्य असेल तर वैमानिकानं स्वतः दाबावी.