बांगड्या फोडण्यात कसलं आलंय शास्त्र?

"नवरा वारल्यावर बायकोच्या बांगड्या का फोडतात? जाणून घ्या शास्त्रीय कारण!" हा मेसेज फिरत फिरत परवा माझ्या मावशीच्या मोबाइलवर आला. तिनं फोन करून विचारलं, "खरं हाय का रे हे? म्हंजे माझ्या बऱ्यासाठीच केलतं व्हय त्यांनी?" तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

पहिला मुद्दा म्हणे, बांगडी फुटताना मनगटाच्या नसेवर दाब पडतो आणि कोंडलेलं दुःख बाहेर येतं. कुठली नस? मावशीच्या मनगटावर काचेचा वण आहे. ३४ वर्षांची होती ती. दोघींनी दंड धरले, तिसरीनं दगडावर हात आपटले. काच रुतली. १५ दिवस विड्या वळता आल्या नाहीत, मजुरी बुडाली ती वेगळीच. याला आता १९ वर्षं झाली. यंदा सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत माझ्या मुलीला बांगड्या घ्यायला ती सोबत आली होती. बांगडीवाल्यानं काचेच्या बांगड्या मोजायला घेतल्या, त्या किणकिणल्या, आणि मावशी होम मैदानातून एकटीच रिक्षा करून घरी निघून गेली. रडल्यानं मन हलकं होतं, एवढं मान्य. पण ती रडतच होती की! त्यासाठी काच कशाला हवी होती?

मेसेजातला पुढचा मुद्दा, "कुंकू पुसलं की आज्ञाचक्र (म्हणे दोन भुवयांमधलं चक्र) शांत होतं." मग बायको गेल्यावर नवऱ्याच्या कपाळाचं गंध का पुसत नाहीत? पुढं चला.

"बायकाच बायकांना करतात." हे अर्धं खरं आहे. कबूल करताना जड जातं, कारण दंड धरणाऱ्यांत माझी आई होती. पण अंगणात उभ्या पुरुषांपैकी एकानंही 'थांबा' म्हटलं नाही.

"ही प्रथा बंद करणं म्हणजे शहरातल्या लोकांची आणि सरकारची टूम." साफ खोटं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. सरकारचं परिपत्रक त्यानंतर आलं. आणि ही मोहीम चालवली आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी. कोरोनाच्या काळात त्यांचा एक सहकारी गेला, त्याच्या बायकोचे हाल बघवले नाहीत, तेव्हा त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, की माझ्यामागं माझ्या बायकोवर हे करू नका.

मावशीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तसला कागद तू केलास का?"

सोमवारी स्टॅम्पपेपर आणतोय.