दोन पिनांत तार घालून एसीचा सेन्सर तपासता येत नाही

एक सल्ला सगळीकडे फिरतोय: गाडीचा एसी थंड करत नसेल, तर प्रेशर सेन्सरचा (गॅसचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) कपलर, म्हणजे वायरचा प्लग काढा, दोन पिनांत तारेचा तुकडा घाला. कॉम्प्रेसर चालू झाला की समजायचं सेन्सर गेला. नवा बसवा, बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवा, झालं काम. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे घसरतं.

आधी ती तार. जुन्या गाड्यांत दोन पिनांचा साधा प्रेशर स्विच असायचा, तिथे ही युक्ती चालायची. पण कॉम्प्रेसर लागला याचा अर्थ स्विच उघडा होता, म्हणजे त्याने करंट तोडलेला होता, इतकाच. तो उघडा का होता? बहुतेक वेळा गॅस कमी झाल्यामुळे; दाब साधारण २ बारच्या खाली गेला की त्याने उघडायचंच असतं. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसताना जबरदस्तीने चालवला तर तो कोरडा घासतो, जाम होतो आणि धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत पोचतो. हजाराचं काम असंच वाढत जातं.

आताच्या बहुतेक गाड्यांत तीन पिनांचा सेन्सर असतो: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. चुकून ५ व्होल्ट आणि अर्थ जोडले गेले तर ती लाइनच बसते. बऱ्याच गाड्यांत तीच लाइन इंजिनच्या दुसऱ्या सेन्सरनाही जाते. एसी राहिला बाजूला, गाडीच बंद पडायची.

मग सेन्सर खोटं बोलतोय हे ओळखायचं कसं? काही तास बंद असलेल्या, थंड गाडीत इंजिन न लावता चावी फिरवा आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) एसीचा दाब बघा. त्याच वेळी एसीच्या पाइपला दाब मोजणारा गेजही लावा. आर-१३४ए गॅस असेल आणि हवा ३० अंश असेल, तर गेजवर साधारण ६.७ बार, म्हणजे ९७ पीएसआयच्या आसपास दिसायला हवं. (काही स्कॅनर हवेचा दाब धरून आकडा दाखवतात, तेव्हा १ बारचा फरक सोडून द्या.) गेज ६.७ आणि स्कॅनर शून्य म्हणत असेल तर संशय सेन्सरवर किंवा वायरिंगवर. दोन्हीकडे १ बार दिसला तर सेन्सर खरं बोलतोय, गळती शोधा. आणि दोन्हीकडे ६.७ आलं म्हणून गॅस पुरेसा आहे असं मात्र नाही! आत थोडासा द्रव गॅस शिल्लक असला तरी बंद गाडीत दाब तापमानाप्रमाणेच दिसतो. गॅस किती भरायचा ते वजनावर ठरतं; बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं.

‘कोड (स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा क्रमांक) आला म्हणजे सेन्सर बदला’ हेही तसंच. पी०५३२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०५३३ म्हणजे फार जास्त. दोन्ही कोड सर्किटबद्दल बोलतात. तुटलेली वायर, हिरवी पडलेली पिन आणि खराब अर्थ हे सगळं त्यातच आलं. नुसता अर्थ कच्चा असला तरी दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून कपलर काढून आधी मल्टिमीटरने ५ व्होल्ट आणि अर्थ तपासा, मग सेन्सरला नावं ठेवा.

बरं, प्रत्येक वेळी दोषी प्रेशर सेन्सरच असतो असंही नाही. एसी आधी छान थंड करतो, अर्ध्या तासाने हवाच कमी येते. एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवला की पुन्हा येते. हा कूलिंग कॉइलवर बर्फ धरल्याचा प्रकार. तिथला तापमान सेन्सर जागेवरून सरकला असेल किंवा बिघडला असेल. केबिन फिल्टर चोंदला असला तरी हेच होतं. डिस्प्लेवर बाहेरचं तापमान उणे ४० दिसतंय? मग पुढच्या बंपरमागच्या सेन्सरचा कपलर बघा, बंपरचं काम झाल्यावर तो लावायचा राहून गेलेला असतो. बाहेर कडाक्याची थंडी आहे असं समजून गाडी कॉम्प्रेसर लावतच नाही.

बॅटरीची तार काढून कोड पुसला जाईल, बिघाडाचं मूळ पुसलं जाणार नाही.

नवा सेन्सर बसवायचाच असेल, तर बऱ्याच गाड्यांत त्याच्याखाली व्हॉल्व्ह असतो आणि गॅस न काढता सेन्सर निघतो. पण सगळ्या गाड्यांत नसतो. तुमच्या मॉडेलची खात्री न करता पाना लावलात, तर सुटलेला गॅस बोटं गोठवून भाजेल. गॅस आर-१२३४वायएफ या प्रकारचा असेल तर तो पेट घेऊ शकतो, हेही त्या सल्ल्यात कुणी लिहिलेलं नाही.