‘किलोला ४० रुपये जास्त आणि बोर्ड खोटा’ या रिव्ह्यूला चिकनच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

सासूबाईंना युरिन इन्फेक्शनमुळे पाच दिवस ॲडमिट राहावं लागलं, हे वाचून वाईट वाटलं. झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो. आता त्या घरी आल्या असतील, बऱ्या असतील.

पण तुम्ही लिहिलंय की लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ‘ईएसबीएल ई. कोलाय’, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणारा जंतू आला, म्हणजे आमचा ‘अँटिबायोटिक-फ्री’ बोर्ड खोटा आणि किलोमागचे ४० रुपये आम्ही फुकट उकळतो. १ स्टार दिलात, तो पचवू. ‘खोटा’ हा शब्द मात्र लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

बोर्डाचा अर्थ असा: पिल्लू शेडमध्ये आल्यापासून पक्षी कापेपर्यंतच्या ३८-४० दिवसांत त्याला पाण्यातून किंवा खाद्यातून अँटिबायोटिक दिलेलं नाही. काउंटरमागे लावलेला लॅबचा रिपोर्टही मांसातल्या औषधाच्या अंशाचाच आहे. तुमच्या हातात जो रिपोर्ट आहे तो जंतूचा. औषधाचा अंश वेगळा आणि औषधाला न जुमानणारा जंतू वेगळा. तुम्ही दाखला दिलेला सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचा २०१४चा दिल्लीतला अभ्यास, ज्यात ७० पैकी ४० टक्के नमुन्यांत औषध सापडलं, तोही अंशाचाच होता.

मग औषध न देता असा जंतू येतो कुठून? हॅचरीतून पिल्लाबरोबरच येऊ शकतो. उंदीर, माश्या, पाणी, माणसांचे बूट, कशावरूनही येतो. आमच्या शेडमध्ये औषध बंद केलं म्हणून तो लगेच नाहीसा होत नाही. त्यातून कापताना आतडं फुटलं किंवा पिसं काढायच्या मशीनची रबरी बोटं घाण राहिली, तर एका पक्ष्याचं दहा पक्ष्यांना लागतं. म्हणून कापायच्या आधी ८-१० तास खाद्य बंद ठेवतो, आतडं रिकामं राहतं. तरी कच्च्या चिकनवर जंतूच नाही, असं कुठल्याही दुकानदाराने सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आम्हीही तसं कधी म्हटलेलं नाही.

आता ४० रुपये. बहुतेक शेडमध्ये पक्ष्याला १ चौरस फूट जागा मिळते, आमच्याकडे दीड. म्हणजे १५०० पक्ष्यांच्या शेडमध्ये १०००च बसतात. दर बॅचनंतर पाण्याची लाईन हायड्रोजन पेरॉक्साईडने धुवावी लागते, कारण पक्षी ज्यातून पाणी पितात त्या निपलच्या पाइपात आतून बुळबुळीत थर धरतो आणि जंतू त्यातच दडून बसतात. एरवी पाण्यात क्लोरीन असतो, पण लासोटा (राणीखेत रोगाची) आणि गंबोरो रोगाची अशा लशी पाण्यातून देताना तो बंद ठेवायचा, नाहीतर लसच मरते. तूस रोज उलथायचा. ओला राहिला की अमोनिया सुटतो, पक्ष्याची श्वासनळी सोलवटते आणि ई. कोलायला रस्ता मोकळा होतो. इतर ठिकाणी घरघर ऐकू आली की टाकीत एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक ओततात. आम्ही ओतत नाही, त्यामुळे मर जास्त. बॅच आजारीच पडली तर डॉक्टर सांगतील ते औषध देतो, पक्ष्यांना तडफडत ठेवत नाही. पण ती बॅच औषधाचा अंश उतरेपर्यंत थांबण्याचे दिवस पाळून व्यापाऱ्याला साध्या भावात जाते, या बोर्डाखाली विकली जात नाही. तो तोटाही याच ४० रुपयांत.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकचं म्हणाल, तर खाण्याच्या जनावरांसाठी ते देशात जुलै २०१९ पासून बंद आहे. ते न देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, तो कायदाच आहे.

एक गोष्ट लिहू का नको, असं झालं होतं. तुम्हीच म्हटलंय, ‘घरी आणून तीन पाण्यांनी स्वच्छ धुतलं.’ राग मानू नका, पण नळाखाली कच्चं चिकन धुतलं की शिंतोडे सिंकवर, नळाच्या चावीवर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. रस्सा उकळतो, कोशिंबीर उकळत नाही. अँटिबायोटिकला न जुमानणारा जंतूसुद्धा आतपर्यंत ७५ अंशांच्या उष्णतेत मरतोच. दही-लिंबू लावून मरत नाही. न शिजलेल्या वाटेने पोटात गेला तर आतड्यात बसून राहतो आणि पुढे कधीतरी लघवीच्या मार्गात उतरतो. तो आमच्याकडून आला की आधीपासून आतड्यात होता, हे नुसत्या कल्चर रिपोर्टवरून ठरत नाही. आमच्याकडून आलाच नाही, असंही मी छातीठोक म्हणत नाही.

दुकानातल्या मुलाने तुम्हाला चिकन धुऊन द्यायला नकार दिला तो याच कारणाने. बोलण्याची पद्धत चुकली असेल, त्याला समज दिली आहे. पिशवी डबल करतोय, मशीनच्या सफाईचंही बघतो. बोर्डाखाली ‘कच्चं मांस आहे, धुऊ नका, नीट शिजवा’ अशी ओळ टाकायचा विचार आहे, पेंटर मिळाला की.

बॅचचं रजिस्टर आणि लॅबचा रिपोर्ट दुकानात येऊन केव्हाही बघा, सोमवार सोडून. स्टार किती ठेवायचे ते तुमच्यावर. ‘खोटा’ शब्द तेवढा काढता आला तर बघा.