तिसरा रिचर्ड कुबडा नव्हता

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड कुबडा होता, त्याचा एक हात वाळलेला होता, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. २०१२ मध्ये लेस्टर शहरात कार पार्किंगखाली त्याचा सांगाडा सापडला. डीएनए तपासणीने ओळख पटली. कणा बाजूला वाकलेला होता, म्हणजे स्कोलिओसिस. एक खांदा जरा वर दिसत असेल, पण कुबड नव्हते आणि दोन्ही हात धड होते. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत तो लढता लढताच मारला गेला. वाळलेल्या हाताची गोष्ट ट्यूडर काळातली, म्हणजे त्याला हरवून गादीवर आलेल्या घराण्याच्या काळातली. शेक्सपिअरच्या नाटकाने ती जगभर पोचवली. शरीराच्या व्यंगाला दुष्टपणाची खूण ठरवणे मला फार अन्यायाचे वाटते. टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात नाहीशा झालेल्या दोन पुतण्यांना त्यानेच मारवले, हा संशय मात्र या हाडांनी मिटत नाही.