स्कोअर बघा आणि डोळे मिटून लॅपटॉप घ्या

लॅपटॉप घ्यायचाय ना? मग त्यावर काम काय करणार हा फालतू विचार आधी सोडा. बेंचमार्कचा, म्हणजे मशीनचा वेग मोजणाऱ्या टेस्टचा, स्कोअर बघा, ज्याचा मोठा तो आपला.

सिनेबेंच नावाच्या बेंचमार्कचा आकडा तर पाठच करा. त्यात एक थ्रीडी सीन रेंडर होतो, म्हणजे त्याचं चित्र तयार होतं, प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे आतले कामकरी भाग, एकदम जुंपून. घरोघरी रोज तेच तर चालतं.

रॅम किती, असं चुकूनही विचारू नका.

टेस्ट मिनिटभराची असेल तर उत्तमच. प्रोसेसर सुरुवातीला टर्बोत, म्हणजे जादा वेगात, जाऊन भरपूर वॅट ओढतो, मग तापतो आणि गुपचूप खाली येतो, पण तोवर स्कोअर लागलेला असतो. सिनेबेंच आर२३ मध्ये म्हणून तर १० मिनिटांची टेस्ट आणली, पण एवढा वेळ कोणाला आहे?

आणि दुकानदाराने स्कोअर दाखवला की लगेच कार्ड काढा, मी गेल्या महिन्यात काढलं तसं. २० तारखेला, शेवटच्या दिवशी, जीएसटीचं रिटर्न जीएसटीआर-३बी भरायला बसलो, एक्सेल उघडं, क्रोममध्ये वीसेक टॅब, त्यात क्लायंटची व्हिडिओ मीटिंग, आणि मशीन जे गोठलं ते गोठलंच, पंखा मात्र गिरणीसारखा. कसाबसा टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू १५ टक्के आणि मेमरी ९६! म्हणजे तो स्कोअरवाला महान प्रोसेसर मांडी घालून बसलेला आणि रॅममध्ये न मावलेला डेटा तिच्याहून हळू एसएसडीवर, म्हणजे स्टोरेजवर, जा-ये करतोय. रॅम ८ जीबी. वाढवू म्हटलं तर बोर्डावर सोल्डर केलेली. दुकानदार म्हणतो, सर पण स्कोअर बघा ना!

डोंबलाचा स्कोअर. २०२२ साली गीकबेंच या दुसऱ्या बेंचमार्कवाल्यांनी सॅमसंगचे एस२२ फोन आपल्या स्कोअरच्या यादीतून काढले, कारण ते गेम आणि ॲप दाबून ठेवायचे आणि बेंचमार्क आला की मोकळे सुटायचे. म्हणजे तपासणीसाहेब येणार म्हणून शाळेत रांगोळी.

अहो, सिनेबेंच खोटं बोलत नाही, रेंडरिंग करणाऱ्याला तो आकडा कामाचाच आहे. खोटं तुम्ही बोलता, विकणारे आणि व्हिडिओ करणारे. रेंडरिंगचा आकडा हिशेब लिहिणाऱ्याच्या गळ्यात मारता, आणि दिवसाला ५० रुपये लेट फी मी भरतो. लाज वाटू द्या जरा. त्या चकचकीत स्टिकरवर "रॅम ८ जीबी, वाढणार नाही" एवढी एक ओळ लिहायला काय जातं तुमचं?