माझा रकाना कोणता होता?

परवा मंडळाच्या कार्यक्रमात जेवताना एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "या देशात 70 लाख धडधाकट पुरुष घरी बसून खातात. आळशी झालेत सगळे." आसपासच्यांनी माना डोलावल्या. माझा घास हातातच राहिला. 2009 ते 2015 अशी सहा वर्षं मीही इथेच, अमेरिकेत न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये, घरी होते आणि सरकारी मोजणीत त्या पुरुषांच्याच गटात मोडत होते.

ही मोजणी कशी होते ते मी नंतर मुद्दाम शोधून वाचलं. अमेरिकेत दर महिन्याला सुमारे 60 हजार घरांची पाहणी होते. ज्या आठवड्यात 12 तारीख येते, साधारण त्या आठवड्याबद्दल विचारतात. पैसे घेऊन एक तास जरी काम केलं असेल तरी तुम्ही कामावर. काम नव्हतं, पण गेल्या चार आठवड्यांत शोधलं आणि मिळालं असतं तर करता आलं असतं, तर तुम्ही बेरोजगार. नुसत्या जाहिराती वाचल्या तर ते शोधणं धरत नाहीत, अर्ज करायला हवा, कुणाला तरी भेटायला हवं. हे दोन्ही मिळून श्रमशक्ती, उरलेले सगळे तिच्या बाहेर. सोळा वर्षांवरचे सगळेच मोजतात, त्यामुळे हा आकडा 10 कोटींच्या वर जातो. त्यात ऐंशीच्या आजीही येतात आणि शाळेत जाणारी मुलंही. म्हणून जाणकार 25 ते 54 हा वयोगट वेगळा काढतात. तिथे मात्र आकडा खरंच बोलतो: 1950च्या दशकात या वयाचे शंभरातले 97 पुरुष श्रमशक्तीत होते, आज 89च्या आसपास आहेत. गृहस्थांचे 70 लाख इथलेच.

माझ्या दारी कधी कुणी विचारायला आलं नाही. आलं असतं तर? गेल्या आठवड्यात काम केलंत? नाही. (डबे करून द्याल का असं चार घरांनी विचारलं होतं. एच-4 व्हिसावर, म्हणजे एच-1बीवर नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, पैसे घेऊन ते करायची परवानगी नव्हती.) काम शोधलंत? नाही, शोधून काय करणार? काम हवंय का? हो. पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं होतं मी, रोज हवं होतं. मग का शोधलं नाहीत? या प्रश्नाच्या ठरीव उत्तरांत मुलांची सोय आहे, घरच्या जबाबदाऱ्या, शिक्षण, आजारपण, अगदी जाण्यायेण्याची अडचणही आहे. 'कायद्याने परवानगी नाही' हे 'इतर'मध्ये जातं. आणि वर्षभरात एकदाही काम शोधलेलं नाही, म्हणून बेरोजगारीचा सगळ्यात ऐसपैस आकडा, ज्याला यू-6 म्हणतात, त्यातही मी नाही. काम हवं असूनही या बाहेरच्या गटात पडलेले असे 50 लाखांहून जास्त लोक आजही आहेत.

व्याख्या कडक असायला माझी हरकत नाही. इच्छा मोजणं अवघड, कृती मोजता येते, हे मला पटतं. राग येतो तो 'का' न विचारता निकाल देण्याचा. अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञाने 2017 साली याच पुरुषांबद्दल लिहिलं, तेव्हा दिसलं की त्यांतले जवळपास निम्मे रोज वेदनाशामक गोळ्या घेतात. कंबर गेलेल्या माणसाला आळशी म्हणायचं? तुरुंगात असलेले तर या पाहणीत धरलेच जात नाहीत. सुटून आले, गुन्ह्याची नोंद पाहून कुणी काम देईना, थकून शोधणं सोडलं, की मग ते या बाहेरच्या गटात दिसायला लागतात.

बायकांचं तर आणखी स्पष्ट आहे. फ्रॅन्सिन ब्लाऊ आणि लॉरेन्स कान या अर्थतज्ज्ञांनी 22 श्रीमंत देशांची तुलना केली. 1990 मध्ये अमेरिकन बायका श्रमशक्तीत असण्यात सहाव्या क्रमांकावर होत्या, 2010 मध्ये सतराव्या. इथल्या बायका वीस वर्षांत आळशी झाल्या नाहीत. बाकीच्या देशांनी पगारी रजा आणि अर्धवेळ कामाची सोय वाढवली, आणि या घसरणीतला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग त्यानेच समजतो.

ब्रिटनमध्ये निदान 'का' हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो. तिथे 16 ते 64 वयातले दीर्घ आजारामुळे बाहेर असलेले लोक 2024 मध्ये सुमारे 28 लाख होते आणि त्यावर संसदेत वाद झडतात. पण पाहणीला उत्तर देणारेच इतके घटले की ऑक्टोबर 2023 मध्ये तिचे आकडे काही काळ थांबवावे लागले.

26 मे 2015 पासून आमच्यापैकी काहींना काम करायची मुभा मिळाली. मुख्यतः नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज मंजूर असेल तर. काम करायच्या परवानगीचं माझं कार्ड त्याच वर्षी हातात आलं. दुसऱ्या दिवशी मी बायोडेटा उघडला, आणि सहा वर्षांच्या रिकाम्या जागेत काय लिहायचं ते मला सुचेना.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये नाशिकची एक सिव्हिल इंजिनिअर राहते. तिच्या नवऱ्याचा तो अर्ज अजून मंजूर झालेला नाही. मुलाला शाळेत सोडून ती रोज लायब्ररीत बसते आणि पुलांच्या डिझाइनची पुस्तकं वाचते. पुढच्या महिन्यात मंडळाचा कार्यक्रम आहे. मी तिला घेऊन जाणार आहे, आणि त्या गृहस्थांशी तिची ओळख करून देणार आहे.