‘घरोघरी मोटारसायकल आहे, आता एसटी कशाला?’

व्हॉट्सॲपच्या गटांमधून एक संदेश जोरात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गावाकडे आता घरोघरी मोटारसायकल आहे, एसटी रिकामी पळते, सवलती देऊन देऊन महामंडळ बुडालं, तेव्हा खेड्यातल्या फेऱ्या बंद करा आणि इलेक्ट्रिक बसचा पैसा शहरातच लावा, कारण गावात ती बस चालणारच नाही. तो पुढे पाठवणाऱ्यांत एसटीच्या पासवर शिकलेले लोकही आहेत, याचं मला वाईट वाटतं.

आधी ‘घरोघरी मोटारसायकल’. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातल्या सुमारे १४ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणापर्यंत हे प्रमाण झपाट्याने वाढलं, तरी ग्रामीण भागात ते निम्म्याच्या आतच होतं. शिवाय गाडी दारात असली म्हणून ती घरातल्या सगळ्यांना मिळत नाही. सकाळी कमावता माणूस ती घेऊन जातो. मागे उरतात नववीतली मुलगी, गुडघे धरलेली सासू आणि ग्रामीण रुग्णालयात तपासणीला जायची असलेली सून. अठराच्या आतल्या मुलाला गिअरच्या गाडीचा परवाना मिळत नाही. तरीही एका गाडीवर तिघं बसून कॉलेज गाठणारी पोरं प्रत्येक तालुक्यात दिसतात. सकाळची फेरी रद्द झाली, तर त्यांनी दुसरं काय करायचं?

खर्चाचंही बघा. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण कुटुंबाच्या मासिक खर्चातला साडेसात टक्के वाटा प्रवासाचा निघाला. अन्न सोडलं तर एवढा मोठा वाटा दुसऱ्या कशाचाच नाही, औषधपाण्याचासुद्धा नाही.

दुसरा मुद्दा, ‘एसटी रिकामी पळते’. कुठली फेरी आणि किती वाजता, हे विचारल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही. शाळेच्या वेळी तालुक्याकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. तीच गाडी परत गावाकडे वळते तेव्हा मोकळी असते, आणि भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या याचं प्रमाण, काढताना दोन्हींची सरासरी धरली जाते. कोरोनापूर्वी महामंडळाकडे १८ हजारांहून अधिक गाड्या होत्या. मग टाळेबंदी आली, पाठोपाठ २०२१-२२ चा लांबलेला संप आला, जुन्या गाड्या भंगारात गेल्या आणि ताफा पंधरा हजारांच्या आसपास उतरला. गाड्या कमी पडल्या की लांब पल्ल्याची गाडी सहसा टिकते आणि गावची फेरी रद्द होते. आठवडाभर गाडी आलीच नाही, तर माणसं वडापची किंवा काळी-पिवळीची, म्हणजे खासगी गाड्यांची, सवय लावून घेतात. नंतर गाडी पुन्हा सुरू झाली, तरी ती येईलच असा भरवसा उरलेला नसतो. फेरी तुटते म्हणून प्रवासी तुटतात. संदेशात हा क्रम उलटा लावला आहे.

आणि कमी भरलेली गाडी म्हणजे इंधनाची नासाडी, असंही नाही. साधी एसटी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते, मोटारसायकल पन्नास-साठ. प्रत्येक जण एकटा गाडीवर निघाला असं धरलं, तर बसमध्ये बारा-तेरा माणसं बसली की हिशेब बरोबरीत येतो. त्यापुढचा प्रत्येक प्रवासी ही निव्वळ बचत.

सवलतींवर खापर फोडणं सोपं आहे. ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून आणि महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून सुरू झालं. ही रक्कम राज्य सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते. ती उशिरा मिळाली तर दोष पैसे देणाऱ्या सरकारचा, अर्ध्या तिकिटावर बाजाराला जाणाऱ्या बाईचा नव्हे. या सवलतींनीच महामंडळ बुडालं असतं, तर ऑगस्ट २०२४ मध्ये, दोन्ही चालू असताना, त्याला सुमारे १७ कोटींचा नफा झाला नसता. संचित तोटा दहा हजार कोटींवर आहे, ते खरंच आहे. पण गावच्या प्रवाशाच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकार घेतं, हेही त्याच हिशेबात मांडा.

राहिला इलेक्ट्रिक बसचा पैसा. तो शहरातच लावा, असं सांगायची गरजच नाही. केंद्राचा पैसा बहुतांश तिकडेच जातो. २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत १० हजार बस आणि केंद्राचे २० हजार कोटी आहेत, पण त्या तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी. २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह या इलेक्ट्रिक वाहनांच्या केंद्रीय योजनेत १४,०२८ बससाठी ४,३९१ कोटी आहेत, त्यांचा भर चाळीस लाखांवरच्या नऊ महानगरांवर. गावांसाठी २००० सालापासून ग्रामसडक योजना आहे. त्यातून डांबरी रस्ता गावापर्यंत पोचला, पण त्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीसाठी तसा ठरलेला निधी नाही.

‘गावात इलेक्ट्रिक बस चालणारच नाही’ हे अर्धसत्य आहे. मुक्कामी गाडीची अडचण खरी आहे. रात्री गावात थांबणाऱ्या बसला चार्जर कुठून आणणार? तिथे डिझेलची गाडीच राहू द्यावी. पण तालुक्याच्या आगारातून निघून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गावाला जाऊन परत येणाऱ्या फेऱ्या इलेक्ट्रिक बसला सोयीच्या आहेत, कारण गाडी दिवसातून अनेकदा चार्जरपाशी येते. महामंडळाने ५,१५० इलेक्ट्रिक बस भाड्याने घेण्याचा करार २०२३ मध्ये केला. अशा करारात कंत्राटदाराला किलोमीटरमागे पैसे द्यावे लागतात, गाडी भरो वा न भरो. म्हणजे कमी उत्पन्नाची गावची फेरी कापण्याचा मोह आणखी वाढणार. त्याला रोखायचं तर शाळेच्या, दवाखान्याच्या आणि बाजाराच्या दिवसाच्या फेऱ्या आधी ठरवून त्यांच्या किलोमीटरचे पैसे अर्थसंकल्पात वेगळे ठेवावे लागतील. सुरुवात प्रवासी करातून करता येईल. तो पैसा गावच्या प्रवाशांच्याच खिशातून आलेला आहे.